वय 33, तीन भ्रूणं फ्रीज आहेत. ट्रान्सफरआधी पीजीटी-ए करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की हे पहिलंच आयव्हीएफ आहे, आधी कधी गर्भपात झालेला नाही, तीन चांगले ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढवलेली भ्रूणं) फ्रीज आहेत, आणि 'ही टेस्ट केली की बाळ नॉर्मलच होणार' असं तुम्हाला सांगितलं गेलंय. मी नागपूरला आयव्हीएफ लॅबमध्ये भ्रूणतज्ज्ञ आहे, या टेस्टसाठी भ्रूणातल्या पेशी काढायची बायोप्सी स्वतः करते. तुमच्या बाबतीत मला पीजीटी-एची गरज दिसत नाही. दुसरी एक तपासणी मात्र ट्रान्सफरआधी करायलाच हवी, तिच्याविषयी पुढे लिहिलंय.

पीजीटी-ए या टेस्टमध्ये भ्रूणातली गुणसूत्रं मोजतात, एखादं जास्त किंवा कमी आहे का ते बघतात. त्याने भ्रूण सुधारत नाही, तीनपैकी कोणतं आधी गर्भाशयात सोडायचं एवढंच ठरतं. 2021 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चीनमधला एक मोठा अभ्यास आला. त्यातल्या 1212 बायका अगदी तुमच्यासारख्याच होत्या: वय 20 ते 37, हातात किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट. टेस्ट केलेल्या गटात 77.2 टक्के बायकांना बाळ झालं, न केलेल्या गटात 81.8 टक्के. गर्भपात टेस्टवाल्या गटात थोडे कमी झाले, हेही खरं. वय अडतीस-चाळीसच्या पुढे असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर हा हिशोब वेगळा होतो आणि तेव्हा मीही टेस्टचा विचार करायला सांगते.

बायोप्सी म्हणजे नेमकं काय करतात, तेही समजून घ्या. भ्रूण बारीक काचेच्या नळीने धरून ठेवायचं, बाहेरच्या आवरणाला लेसरने छिद्र पाडायचं आणि ज्या थरातून पुढे वार तयार होते तिथल्या पाच ते आठ पेशी ओढून घ्यायच्या. बाळ ज्या पेशींपासून घडतं त्यांना हात लावायचा नाही. त्या पेशी ट्यूबमध्ये सोडल्या की डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून लेबल मी मोठ्याने वाचते आणि शेजारी उभी असलेली सहकारी ते पडताळते. तुमची भ्रूणं आधीच फ्रीज आहेत, म्हणजे ती वितळवून, पेशी काढून पुन्हा गोठवावी लागतील. त्या मोजक्या पेशींवरून आलेला रिपोर्ट कधी 'मोझेक' येतो, म्हणजे काही पेशी ठीक, काही बिघडलेल्या. असं भ्रूण गर्भाशयात सोडूनही निरोगी मुलं जन्मलेली आहेत. फक्त तीन भ्रूणं असताना त्यातलं एखादं असं बाजूला पडलं, तर फार जिवाला लागतं.

आता ती दुसरी तपासणी. आमच्या विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, पण तो पीजीटी-ए टेस्टमध्ये दिसतच नाही! थॅलेसेमियाही नाही. हे दोष एकाच जनुकातले आहेत, गुणसूत्रांची संख्या बरोबरच येते. नवरा-बायको दोघंही एएस (म्हणजे सिकलसेलचे नुसते वाहक) असतील तर प्रत्येक भ्रूण एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं) असण्याची शक्यता 25 टक्के. अशा जोडप्यांसाठी पीजीटी-एम नावाची वेगळी टेस्ट असते आणि तिथे मी ठामपणे 'करा' म्हणते. एका जोडप्याचा मोठा मुलगा एसएस होता, दुखण्याच्या झटक्यांनी पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हायचा. त्यांची भ्रूणं तपासली तेव्हा चांगल्या प्रतीचं एक एएस आलं, तर आई ते नको म्हणाली. तिला समजावलं की तुम्ही स्वतः एएस आहात आणि धडधाकट आहात, हे बाळही तसंच असेल. तेच भ्रूण सोडलं.

तेव्हा तुमची आणि मिस्टरांची हिमोग्लोबिन एचपीएलसी, म्हणजे तुम्ही सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे वाहक आहात का ते बघणारी तपासणी, झाली आहे का, फाइल उघडून बघा. नसेल तर आधी ती करा, साधी रक्ततपासणी आहे. एकजण वाहक निघाला तरी चालतं. दोघंही निघालात तर ट्रान्सफर थांबवा आणि जनुकतज्ज्ञांना भेटा. पीजीटी-एमची तयारी तुमच्या घराण्यातला नेमका दोष शोधून करावी लागते, कधी आईवडिलांचं रक्तही मागतात, त्यात काही आठवडे जातात. फ्रीज केलेल्या भ्रूणांना तेवढ्या काळात काही होत नाही. आणि पीजीटी-एम केली तरी गरोदरपणात वारेची किंवा गर्भजलाची तपासणी करून खात्री करायला सांगतात, तिला नाही म्हणू नका.