आफ्रिकेतील शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी इंदूरमधून निधी कसा उभारावा?

रामबागेतील आपल्या गणेशोत्सव मंडळाला झांबियातील मुलींसाठी निधी जमवायचा आहे आणि सायकली येथून पाठवाव्यात की पैसे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की पैसेच पाठवावेत. येथील साधी सायकल तेथील कच्च्या रस्त्यावर मोडली आणि सुटा भाग गावात मिळाला नाही, तर ती घराच्या भिंतीला टेकून गंजत पडते.

त्सुनामीनंतर 2005 मध्ये श्रीलंकेतील मदतकार्यातून उभी राहिलेली 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था झांबियातही काम करते. तिच्या 'बफेलो' सायकलीचे पोलादी कॅरिअर 100 किलो ओझे पेलते, आणि पेडल उलटे फिरवले की ब्रेक लागत असल्याने तुटायला ब्रेकची तारच नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही संस्था गावातल्याच तरुणांना दुरुस्तीचे शिक्षण देते. म्हणून वर्गणी मागताना सायकलीच्या किमतीबरोबर सुट्या भागांचा आणि मिस्त्रीच्या प्रशिक्षणाचा खर्चही देणगीदारांना मोकळेपणाने सांगावा.

नोंदणीकृत न्यासाने परदेशात खर्च केलेल्या रकमेवर आयकराची सूट सहसा मिळत नाही, तेव्हा पावती पुस्तक छापण्यापूर्वी सनदी लेखापालांना अवश्य भेटावे. वैयक्तिक देणगी मात्र रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली बँकेतून रीतसर पाठवता येते. आरतीनंतर, सभामंडप भरलेला असताना केलेल्या आवाहनाला आपली इंदूरची मंडळी हात आखडता घेत नाहीत.