अर्धा तास ताटावर

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले लोक दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे सल्ल्याला येतात आणि हेच सांगतात: "सगळं कळतं, पण सावकाश जेवणं जमत नाही." बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही येवोत, तक्रार तीच.

निपाणीकडच्या एका गृहिणीचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. स्लीव्ह शस्त्रक्रियेला तीन महिने झालेले. भाकरीचा तिसरा घास गेला की छातीत दाटायचं, तोंडाला फेसाळ लाळ सुटायची, मग उलटी. या शस्त्रक्रियेत जठराचा बहुतेक भाग काढतात, उरते अरुंद नळी. नीट न चावलेला कोरडा घास तिथं अडकतो.

"भूक फार लागते का?"

"भूक नाहीच हो मॅडम. पण ताट घेऊन बसून राहिलं की सगळे बघतात. आमटी आवडली नाही का, विचारतात."

छोटा चमचा, घड्याळ, घास मोजणं, सगळे उपाय करून झाले होते. मी एवढंच विचारलं, "घरात एकट्या असताना उलटी होते?"

ती बराच वेळ गप्प राहिली. "नाही. एकदाही नाही."

जेवणाचा वेग पंगत ठरवते, हे मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. म्हणून पुढच्या भेटीला सासूबाईंना बोलावलं.

ठरलं ते असं. सुनेनं इतरांच्या पाव तास आधी बसायचं, म्हणजे सगळ्यांबरोबर उठता येतं. ताटाऐवजी बशी. आधी अंडं, पनीर किंवा घट्ट वरण, मग भाजी, शेवटी आमटीत भिजवलेली चतकोर भाकरी. कडक भाकरी सध्या नाहीच. घास शेंगदाण्याएवढा, तोंडात लगदा होईपर्यंत चावायचा, गिळेपर्यंत चमचा खाली. वीस ते तीस मिनिटांनी बशी बाजूला, उरलं तरी. उचकी, नाक गळणं, दाटणं यातलं काहीही झालं की तिथंच थांबायचं. "एवढा एकच घास" म्हणण्यातच उलटी होते. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासानं घोट घोट.

उलटी रोजच होत असेल किंवा पाणीही टिकत नसेल, तर माझ्याकडे न येता लगेच सर्जनकडे जा. सततच्या उलट्यांनी ब१ जीवनसत्त्व घटतं आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग मीच बसते की हिच्याबरोबर. माझे तरी दात कुठं राहिलेत? भाकरी मलाही भिजवूनच लागते."