आधी तो कॉम्प्युटर बंद करा

लालबागच्या चाळीतून आलेलं पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं शेजाऱ्याच्या स्वभावावर खर्ची पडली आहेत. ज्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट मात्र अगदी शेवटी, ता. क. म्हणून आली आहे: ‘रेकॉर्डिंग अजून चालूच आहे.’

प्रकरण असं. या वाचकांनी लॅमिंग्टन रोडवरून चार चॅनेलचं, म्हणजे चार कॅमेरे जोडता येतील असं, रेकॉर्डिंग कार्ड आणून भाच्याकडून घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवून घेतलं. एक कॅमेरा दारावर, दुसरा गॅलरीत. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री चपलांच्या रॅकवरून भांडण झालं, शेजाऱ्याने ढकललं, कोपर आणि कपाळ खरचटलं. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. आता दिवाळीच्या तोंडावर शेजाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली आहे: कॅमेरा आमच्या घरात डोकावतो, सात दिवसांत काढा आणि आमचं सगळं चित्रीकरण पुसून टाका. वाचक विचारतात, पुसू का? आणि हे कोर्टात चालेल का?

पुसू नका. चालेल की नाही, हे आधी डिस्कवर ते उरलं आहे का यावर ठरेल. या कार्डांचं सॉफ्टवेअर डिस्क भरली की सगळ्यात जुनं चित्रीकरण काढून त्या जागी नवं लिहितं. किती दिवसांनी, ते डिस्कच्या आकारावर, कॅमेऱ्यांच्या संख्येवर आणि सेटिंगवर अवलंबून. चतुर्दशी होऊन महिना उलटला. कॅमेरा विकत घेताना पैशांची घासाघीस सगळे करतात, हा एक प्रश्न दुकानदाराला कोणी विचारत नाही. अशी पत्रं मला सतत येतात आणि निम्म्यांना उत्तर देण्यात अर्थ उरलेला नसतो.

तेव्हा हे वाचून होताच रेकॉर्डिंग थांबवा. कॉम्प्युटर बंद करण्यापूर्वी त्याच्या घड्याळातली वेळ आणि तुमच्या मोबाइलवरची वेळ कागदावर शेजारी-शेजारी लिहा, दोघा साक्षीदारांच्या सह्या घ्या. जुन्या मदरबोर्डचा बटणासारखा सेल उतरला असेल तर तारीख काही वर्षं मागेही गेलेली असू शकते. ती दुरुस्त करू नका! फरक नोंदवलेला असला तर समजावून सांगता येतो. गुपचूप सुधारलेलं घड्याळ उलटतपासणीत तुमच्या अंगावर येईल. मग डिस्क बाहेर काढून ठेवा, त्या कॉम्प्युटरला हवी तर दुसरी लावा. भाच्याला पुन्हा हात लावू देऊ नका. भांडणानंतर त्याने कार्डाचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. समोरचा वकील ते सहज सोडणार नाही.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू आहे. जुन्या साक्ष कायद्यातल्या ‘पासष्ट बी’ कलमाच्या जागी आता कलम 63 आलं. चित्रीकरणाची प्रत द्यायची तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याचे दोन भाग असतात: भाग अ कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे तुम्ही, भरायचा; भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. ही फाइलमधून गणिताने निघणारी आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमधला एक कण बदलला तरी ती बदलते. म्हणून कार्डाने ज्या स्वरूपात फाइल साठवली त्याच स्वरूपात प्रत घ्या, सोबत ती उघडणारं सॉफ्टवेअरही ठेवा. दुसऱ्या स्वरूपात बदलून घेतलेली (उदा. एव्हीआय) फाइल ही वेगळी फाइल झाली. आणि मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेला जो व्हिडिओ तुम्ही चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलात, त्याने करमणूक झाली असेल. पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका.

प्रमाणपत्राची घाई नाही, हे ऐकून बरं वाटेल. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं, की प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्यच, पण खटला संपण्यापूर्वी ते देता येतं. फौजदारी खटल्यात मात्र ते उशिरा घ्यायचं की नाही, हे न्यायालय आपल्या विवेकाने ठरवतं. मूळ यंत्रच मालकाने साक्षीला उभं राहून सिद्ध केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, असंही त्याच निकालात आहे. तो निकाल जुन्या कलमावरचा आहे, म्हणून मी तरी दोन्हींची तयारी ठेवीन. डिस्क जमा करण्यापूर्वी तिची तंतोतंत प्रत जाणकाराकडून करून घ्या. एकदा ती मुद्देमालात गेली किंवा कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या रांगेत लागली, की परत कधी दिसेल ते विचारू नका. भाग ब वर सही करणारा तज्ज्ञ नेमका कोण चालेल, यावर कोर्टाकोर्टात फरक पडू शकतो. तुमच्या वकिलाला तिथला रिवाज विचारा.

एनसीचं म्हणाल तर साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), एक वर्षापर्यंत शिक्षा. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. तो आदेश मागा किंवा थेट कोर्टात खासगी तक्रार करा. त्याला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. तारखा पडत राहतील, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

शेजाऱ्याच्या खासगीपणाबद्दल मी ठामपणे बोलणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालानंतर तो मूलभूत हक्क आहे. चाळीत दारं दिवसभर उघडी असतात; कॅमेऱ्यात त्यांची बैठकीची खोली दिसत असेल तर त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. फक्त गॅलरी आणि तुमचं दार दिसत असेल तर तुमची बाजू बरीच बरी. सध्याच्या कोनाचा फोटो काढून ठेवा आणि मग कॅमेरा आपल्या दाराकडे वळवा.

नोटिशीला सात दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. कोन बदलल्याचं कळवा, चित्रीकरण जपून ठेवल्याचं कळवा. त्यात काय दिसतं, याबद्दल एक अक्षरही लिहू नका. ग्रुपवरचा तो व्हिडिओ ज्या मोबाइलने काढला, त्यातही तो तसाच राहू द्या.