भीती कागदाची, इलाज ओढणीवर

पत्र

ताई, सलाम. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. अकरा वर्षं झाली, टेक्सासात डॅलसजवळ राहतो. मिस्टर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी पंधरा वर्षांची, भारतात जन्मलेली. मुलगा नऊचा, इथला. २०२४च्या निवडणुकीत ट्रम्प निवडून आल्यापासून घरातली हवाच बदलली आहे. गेल्या महिन्यात दुकानाच्या पार्किंगमध्ये एक माणूस गाडीतून ‘परत जा’ म्हणून ओरडला आणि माझ्या हिजाबवरून नको नको ते बोलला. मुलाला वर्गातला एक जण म्हणाला, ‘तुझ्या आईला आता उचलून नेणार.’ मिस्टर म्हणतात, बाहेर जाताना डोक्यावरचं काढत जा आणि फोनवर आपल्या भाषेत बोलू नकोस. त्यांचा व्हिसा मार्चमध्ये वाढवून मिळालाय, तरी रात्री दोनला उठून बातम्या बघतात. शेजारच्या आजोबांनी २०२१च्या बर्फात आमच्या नळाचे पाइप वाचवले होते. निवडणुकीत त्यांच्या अंगणात ट्रम्पची पाटी लागली, तेव्हापासून मी त्यांना टाळते. आमच्या मराठी ग्रुपवर तर निकालाच्या रात्री पेढ्यांचे फोटो होते. हिजाब काढू का? मुलाला काय सांगू? की गाशा गुंडाळून परतच यावं?

— एक आई

उत्तर

सलाम. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येण्याआधी, जे विचारलं नाहीत त्याबद्दल. ‘मिस्टरांचा व्हिसा वाढवून मिळाला’ असं लिहिलंत. तुमचा आणि मुलीचा?

ही शंका उगाच काढत नाही. कंपनी आपल्या माणसाचा एच-१बीचा अर्ज करते. बायको-मुलांच्या एच-४साठी आय-५३९ नावाचा वेगळा अर्ज लागतो आणि तो आपोआप होत नाही. ‘यांचं झालं म्हणजे आमचंही झालं’ असं समजून बसलेली कुटुंबं वकिलांना नेहमी भेटतात. तेव्हा आज रात्री तिघांचे आय-९४, म्हणजे देशात शिरल्याची सरकारी नोंद, काढून तारखा बघा. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यावर जाऊ नका. तो देशात शिरण्यापुरता असतो, राहण्याची मुदत आय-९४वर असते. इथेच अजून एक खड्डा आहे. विमानतळावर अधिकारी कधी कधी आय-९४ची मुदत पासपोर्ट संपतो त्या दिवसापर्यंतच देतात. म्हणजे मंजुरीच्या कागदावर एक तारीख आणि आय-९४वर तिच्या आधीची. भारतात जाऊन आलात की दर वेळी नवा आय-९४ उतरवून घ्यायचा आणि ताडून बघायचा. एखादी तारीख उलटून गेलेली निघाली तर शोधाशोध करत बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.

आता तुमच्या घराबद्दल. पत्र वाचून वाटतं की तुम्ही दोघं एकाच भीतीबद्दल बोलताय असं धरून चालला आहात. तसं नाहीये. तुमची भीती रस्त्यावरची आहे, पार्किंगमधल्या त्या माणसाची. मिस्टरांची भीती कागदाची आहे: नोकरी, मंजुरी, रांगेतला नंबर. रात्री दोनला बघतात ती तिसरीच, ऐकीव भीती. एकीचं औषध दुसरीला लागत नाही. तुम्ही हिजाब काढलात तरी त्यांच्या आय-९४वरची तारीख एका दिवसानेही पुढे जाणार नाही. त्यांना ज्यावर काही करता येत नाही असं वाटतंय, त्याचा इलाज ते तुमच्या ओढणीवर करू पाहतायत. यात दुष्टावा नाही, घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो. पण हे त्यांना सांगायला हवं, आणि भांडताना नको. एखाद्या रविवारी दुपारी फाइल पुढ्यात घेऊन.

त्या फाइलचं काम त्यांच्याकडेच द्या. चौघांचे पासपोर्ट, आय-९४, एच-१बी आणि एच-४च्या सगळ्या मंजुऱ्या (आय-७९७), अलीकडच्या तीन-चार पगारपावत्या, आणि आय-१४०च्या, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेल्या अर्जाच्या, मंजुरीची प्रत. ही शेवटची प्रत बहुतेकांकडे नसते, कारण तो अर्ज कंपनीचा असतो आणि कागद कंपनीच्या वकिलाकडे राहतो. नोकरी गेली की मागायला तोंड राहत नाही, म्हणून आत्ताच मागून ठेवायची. निदान पावती क्रमांक तरी. मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील तर कंपनीने नंतर अर्ज मागे घेतला तरी एवढ्यावरून रांगेतली तारीख जात नाही. हे कळल्यावर बऱ्याच जणांना झोप लागते. नोकरी गेलीच तर साधारणपणे ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ संपेपर्यंतचे, दोहोंत जे आधी असेल ते. घर बदललं असेल तर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो, प्रत्येकाचा वेगळा. लोक हे विसरतात.

अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदा आहे. तुमच्यासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४. छापील प्रत पर्समध्ये ठेवा, पासपोर्ट घरी राहू दे. मुलाला काही बाळगायची गरज नाही, तो नागरिक आहे.

दारावर कोणी आलंच तर दार न उघडता वॉरंट दाराखालून सरकवायला किंवा खिडकीला लावून दाखवायला सांगायचं. बघायचं ते एवढंच: त्यावर न्यायाधीशाची सही आणि तुमचा पत्ता आहे का. इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेला आय-२०० किंवा आय-२०५ हा न्यायालयाचा वॉरंट नव्हे, आणि घरात शिरायला न्यायालयाचा वॉरंट किंवा घरच्यांची संमती लागते अशीच वर्षानुवर्षांची रीत होती, पण २०२५पासून खातं ती नेहमी पाळतंच असं नाही. तरी कोणी आत आलंच तर अडवायला जाऊ नका. ‘माझी संमती नाही’ एवढं मोठ्याने म्हणा. खोटं बोलू नका, वाचल्याशिवाय सही करू नका. वकिलाचा नंबर पाठ हवा किंवा कागदावर हवा, कारण फोन पहिल्यांदा काढून घेतला जातो. आणि इमिग्रेशनच्या कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, म्हणून तो आधी शोधून ठेवायचा. भारतीय वकिलातीला कळवा असं सांगण्याचा हक्क तुम्हाला १९६३च्या व्हिएन्ना करारान्वये आहे. तुमच्या भागाचं काम ह्यूस्टनची वकिलात बघते. कागद पूर्ण असलेल्या घरावर अशी वेळ येण्याची शक्यता कमीच. हे सगळं एकदा लिहून फाइलच्या पहिल्या पानावर ठेवायचं आणि फाइल मिटायची.

आता रस्ता. तुमची भीती काल्पनिक नाही. २०१६च्या निवडणुकीनंतर एफबीआयकडे नोंदलेले द्वेषगुन्हे ६,१२१ वरून २०१७ मध्ये ७,१७५ वर गेले. त्या वर्षी आकडे पाठवणारी पोलिस खातीही सुमारे हजाराने वाढली होती, म्हणून वाढ नेमकी किती हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. पण डोळे मिटून घ्यावेत असंही ते चित्र नाही.

हिजाब ठेवायचा की काढायचा हे मिस्टरांनीही ठरवायचं नाही आणि मीही नाही. फक्त सौदा नीट समजून घ्या. हिजाबमुळे तुम्ही चटकन नजरेत भरता, हे खरं. पण खूण लपवली की माणूस सुटतो, हे खरं नाही. १९८७ साली जर्सी सिटीत टिकली लावणाऱ्या बायका हेरणारी टोळी होती, स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी. तेव्हाही घराघरांत ‘बाहेर जाताना टिकली काढ’ झालं. त्या वर्षी मारहाणीत जीव गेला तो एका पारशी तरुणाचा. त्याच्या कपाळावर कसली टिकली? २०१७च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथ इथे गोळ्या झाडल्या गेल्या त्या दोन हिंदू इंजिनिअरांवर, मारेकऱ्याला ते इराणी वाटले म्हणून. एक वाचला, दुसरा गेला. द्वेष करणारा माणूस नीट चौकशी करून द्वेष करत नाही. तेव्हा काढावासा वाटला तर तुम्हाला वाटलं म्हणून काढा, आणि पार्किंगच्या त्या प्रसंगानंतर लगेच ठरवू नका. महिनाभर जाऊ द्या. ठेवणार असाल तर टाचण्यांऐवजी चुंबकाची बटणं लावा आणि गळ्याभोवती घट्ट वेढा घेऊ नका. कोणी ओढलाच तर तो सुटून हातात यावा, गळ्याला आवळू नये.

पार्किंगमधला प्रसंग वहीत उतरवून ठेवलात का? तारीख, वेळ, जागा, गाडीचा रंग आणि नंबर, त्याचे शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट. नुसतं ओरडणं इथे बहुधा गुन्हा ठरत नाही, भाषणस्वातंत्र्यात बसतं. पोलिस तसं म्हणाले तर ते तुम्हाला झिडकारतायत असं समजू नका. पण धमकी, पाठलाग, हात लावणं, मालमत्तेची नासधूस हे गुन्हेच, आणि टेक्सासात २००१पासून जेम्स बर्ड कायदा आहे. गुन्ह्यामागे द्वेष होता हे सिद्ध झालं तर शिक्षा वाढते. म्हणूनच शब्द महत्त्वाचे. सभ्यपणे ‘ही वॉज रूड’ असं सांगितलंत तर अहवालात तेवढंच येतं आणि द्वेषाचा पुरावा तिथेच हरवतो. लाज सोडून तेच शब्द लिहून घ्यायला लावा आणि केस नंबर मागा. भिंतीवर, गाडीवर कोणी काही लिहिलं तर पुसण्याआधी जवळून आणि लांबून फोटो काढा. आपल्या बायका आधी पुसतात, मग नवऱ्याला सांगतात.

आणि भाषा. फोनवर आपल्या भाषेत बोला. मुलांसमोर आवाज दाबून बोलायला लागलात की ती त्या भाषेत उत्तर देणंच सोडतील.

मुलाला ‘काही होणार नाही’ असं सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलाला आईबापांचे चेहरे वाचता येतात. त्याला खरं आणि मोजकं सांगा: ‘तू इथे जन्मलास, तू इथला नागरिक आहेस. आमचे कागद वेगळे आहेत, पण पूर्ण आहेत. कधी आम्हाला उशीर झालाच तर तुला शाळेतून अमुक मावशी घेईल.’ आणि त्या मावशीचं नाव शाळेच्या इमर्जन्सी फॉर्मवर खरोखर घाला. एक नको, दोन नावं, दोघीही जवळ राहणाऱ्या. जन्मसिद्ध नागरिकत्वावर बंधन घालणाऱ्या ट्रम्प यांच्या आदेशाने त्याचं काय होणार ही धास्ती असेल, तर २० जानेवारी २०२५चा तो आदेश सहीनंतर ३० दिवसांनी जन्मणाऱ्या बाळांपुरता होता. तुमच्या मुलाला तो शिवतही नाही. सोळाच्या आतल्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट मात्र पाचच वर्षांचा असतो. त्याचा तान्हेपणी काढलेला असेल तर तो कधीच संपला.

वर्गातल्या त्या वाक्याबद्दल मुख्याध्यापकांना ईमेल लिहा. फोन नको, फोनची नोंद राहत नाही. काय, कधी, कोणासमोर बोललं गेलं आणि तुम्हाला शाळेकडून काय हवंय, एवढं आठ-दहा ओळींत. ‘त्या मुलाला शिक्षा करा’ असं न लिहिता ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार ते एका आठवड्यात कळवा’ असं लिहा. वंश किंवा मूळ देशावरून होणाऱ्या छळाची दखल घेणं १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली शाळेवर बंधनकारक आहे. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रारीची मुदत घटनेपासून १८० दिवस. तिथवर जावं लागणार नाही बहुधा, पण तारीख वहीत असू द्या. ते वाक्य त्या पोराचं नसतं, जेवणाच्या टेबलावरून उचललेलं असतं.

मुलीबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. पंधरा वर्षांची मुलगी गप्प असते तेव्हा तिला सगळ्यात जास्त माहीत असतं. तिचे कागद तुमच्यासारखे, भावाचे वेगळे, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो हे तिने केव्हाच वाचलं असणार. रविवारी फाइल काढाल तेव्हा तिलाही बसवा.

ऐकीव भीतीला मात्र एक नियम घालून घ्या: ४८ तास. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीसाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा लोक सुटायला निघालेल्या विमानांतून उतरले, मिळेल त्या भावाने परतीची तिकिटं काढली. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला की शुल्क नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांच्या येण्याजाण्याला नाही. बातमी खोटी नव्हती, पहिल्या रात्रीचा तिचा अर्थ चुकीचा होता. मिस्टरांनी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, सकाळी सरकारी संकेतस्थळावरचं मूळ वाचावं, वकिलाला विचारावं आणि मगच तुम्हाला सांगावं. त्यांचं दोनला उठणं तरीही थांबलं नाही तर कंपनीच्या योजनेत समुपदेशनाच्या काही मोफत भेटी असतात का ते बघा.

परत यायचं का? या मनःस्थितीत नको. मुलीचं हायस्कूल मध्यात आहे. चाळीस टक्के भीती आणि साठ टक्के संताप यावर चार जणांचं बिऱ्हाड हलवू नये. पण वाट मोकळी ठेवा. मुलाचं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड, काढलं नसेल तर काढा. निवृत्तीच्या खात्यातले पैसे साडेएकोणसाठच्या आत काढले तर सहसा दहा टक्के दंड आणि वर कर, हे हिशेबात धरा. सहा महिन्यांनी, शाळेला सुटी लागली की, आकडे समोर ठेवून बोला.

पेढ्यांचा ग्रुप म्यूट करा. बाहेर पडू नका. त्यातल्या ज्या एका मैत्रिणीवर तुमचा भरवसा आहे तिला स्वतंत्र फोन करून पार्किंगचं सांगा. तिला बहुधा माहीतच नाहीये.

राहिले शेजारचे आजोबा. ओलेथच्या त्या बारमध्ये मारेकऱ्याला थोपवायला उठलेला माणूस तिथलाच एक गोरा अमेरिकन तरुण होता आणि त्याने स्वतः गोळी खाल्ली. त्याने मत कोणाला दिलं होतं असं आधी कोणी विचारलं नव्हतं. आजोबांना मताचा जाब विचारू नका, वादात तुम्ही दोघंही हराल. पाटी लागली म्हणून तुम्ही त्यांना टाळता हे त्यांना कळलंही नसेल. त्यांना वाटत असेल, या बाईचं काहीतरी बिनसलंय. शनिवारी सकाळी ते अंगणात दिसले की जा. पार्किंगमध्ये काय झालं ते जसं वहीत लिहिलंत तसं सांगा, आणि एकच ठोस गोष्ट मागा: आम्ही घरी नसताना दाराशी कोणी अनोळखी दिसलं तर मला फोन कराल का? ते हो म्हणाले तर नंबर द्या. खांदे उडवून आत गेले, तर तेही कळलं, आणि शाळेच्या फॉर्मवर दुसरं नाव कोणाचं घालायचं नाही हेही.