विजय अय्यरचा जाझ पियानो ऐकताना सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) सापडत नाही. कसं ऐकावं?

सुरावटीच्या मागे लागू नका, आधी डाव्या हाताकडे कान द्या. विजयचं रीतसर शिक्षण व्हायोलिनचं, पियानो तो बराचसा स्वतःच शिकला, आणि पदवी भौतिकशास्त्र-गणिताची! खरी गंमत लयीत आहे. अनेकदा डावा हात एक आवर्तन घट्ट धरून बसतो आणि उजवा त्यावर वेगळ्याच मात्रांचा हिशेब मांडतो. कर्नाटक तालांचा संस्कार जाणवतो. आपले गोव्याचे तालतज्ज्ञ, लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरायचे, त्यांचे किस्से ऐकलेल्या गोंयकाराला हे परकं वाटू नये. (देवळातल्या भजनात वाढूनही मी मात्र पहिल्यांदा गडबडलोच.) २०११ च्या ‘तीर्थ’ अल्बमपासून सुरुवात करा. त्यात प्रसन्नाची गिटार आणि नितीन मित्ताचा तबला आहे, समेसाठी तबलाच धरा.