हल्लेखोर सापडला नसेल तर भरपाईसाठी आपण काय करायचं?

घाटकोपरला भावावर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर अज्ञात आहेत, तर भरपाई मिळेल का आणि त्यासाठी आपल्याकडून काय लागेल, असं तुम्ही विचारलंय.

आरोपी सापडला नाही म्हणून अर्ज अडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 (जुनं 357अ) खाली जखमी किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. घाटकोपर उपनगर जिल्ह्यात येतं, त्यामुळे अर्ज मुंबई शहरच्या नव्हे, मुंबई उपनगरच्या प्राधिकरणाकडे.

खरी मेख पोलिसांच्या शेवटच्या अहवालात असते. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, तर ‘अ’ समरी (समरी म्हणजे तपास बंद करतानाचा पोलिसांचा अहवाल). तिच्यावर तुमचा अर्ज उभा राहतो. ‘ब’ समरी म्हणजे तक्रारच खोटी, मग दावा जवळपास संपला. म्हणून जबाब देताना अंदाजाने नावं घेऊ नका, आधीचं भांडण लपवू नका, आणि पोलिसांनी ओळखीसाठी किंवा पुरवणी जबाबासाठी बोलावलं की जा. सहकार्य केलं का, हे प्राधिकरण बघतंच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ‘ब’ समरीची नोटीस आली तर गप्प बसू नका, दंडाधिकाऱ्यांसमोर हरकत घ्या.

दुसरं, रुग्णालयाचे कागद. एमएलसी नोंद (मारहाणीसारख्या पोलिसी प्रकरणाची रुग्णालयातली नोंद), डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं. किती दिवस काम करता आलं नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या: 15 दिवस नेहमीचं काम करता आलं नाही तर दुखापत ‘गंभीर’ ठरते. बरेच लोक नेमका हाच कागद घेत नाहीत. बुडालेल्या पगारासाठी मालकाचं पत्र जोडा; रोजंदारीवर असेल तर पासबुकातल्या नोंदी.

विमा, कामगार विमा किंवा दुसऱ्या सरकारी योजनेतून काही मिळालं असेल तर ते अर्जात लिहाच. लपवलेलं चौकशीत उघडं पडतं आणि मग उरलेल्या दाव्यावरही संशय येतो. एफआयआर, आधार आणि पासबुकावरचं नाव जुळतंय ना, तेही बघा. पत्ता किंवा मोबाइल बदलला तर लेखी कळवा, नाहीतर नोटीस जुन्या चाळीत पडून राहते.

चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. तोवर उपचारांसाठी अंतरिम मदत हवी असेल तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र घेऊन वेगळी मागणी करा. अर्ज भरायला मदत हवी असेल तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन लावा.