पोटात साचलेले पाणी आणि न उतरणारा ताप

प्रश्न : आमचा बोका नऊ महिन्यांचा आहे. दोन आठवड्यांपासून त्याला ताप आहे आणि प्रतिजैविकांची इंजेक्शने देऊनही तो उतरत नाही. खाणे कमी झाले आहे, पाठीचा कणा हाताला लागतो, पोट मात्र गोल झाले आहे. डॉक्टरांनी पोटातले पिवळसर पाणी काढून पाहिले आणि ‘एफआयपी’ असावा, तो बरा होत नाही, असे सांगितले. रक्तातील कोरोना प्रतिपिंडांची चाचणीही पॉझिटिव्ह आली आहे. घरात लहान मुले आहेत. आम्ही काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लक्षणे एकत्र पाहता आपल्या डॉक्टरांची शंका रास्त आहे. मात्र हा आजार बरा होत नाही, हे काही वर्षांपूर्वीपर्यंत खरे होते. आज तसे राहिलेले नाही. मुलांची काळजी करू नये, कारण हा विषाणू माणसांना होणाऱ्या कोविडचा नाही आणि तो मांजराकडून माणसाला होत नाही.

एफआयपी म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, मांजरांत पोटाच्या आतील आवरणाचा दाह करणारा विषाणूजन्य आजार. अमेरिकेत बोस्टन येथील पशुवैद्य जीन हॉल्झवर्थ यांनी १९६३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या मुळाशी मांजरांचा कोरोना विषाणू असतो. जिथे अनेक मांजरे एकत्र राहतात तिथे तो बहुतेकांच्या आतड्यात असतो, विष्ठेवाटे पसरतो आणि थोड्याफार जुलाबापलीकडे सहसा त्रास देत नाही. पण मोजक्या मांजरांत, विशेषतः दोन वर्षांखालील पिल्लांत, त्याच मांजराच्या शरीरात विषाणूचे रूप बदलते आणि तो रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींत शिरून वाढू लागतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा दाह होतो व प्रथिनांनी भरलेला द्रव पोटात किंवा छातीत झिरपतो. हा ‘ओला’ प्रकार झाला. ‘कोरड्या’ प्रकारात पाणी साचत नाही. आतल्या अवयवांत गाठी होतात, डोळ्याच्या रंगीत पडद्याचा रंग बदलतो, चालताना तोल जातो किंवा झटके येतात, आणि म्हणूनच तो ओळखणे अधिक कठीण असते.

आता निदानाकडे वळू. प्रतिपिंडांची चाचणी इतकेच सांगते की मांजराचा कोरोना विषाणूशी कधीतरी संबंध आला होता, आणि ती असंख्य निरोगी मांजरांतही पॉझिटिव्ह येते. केवळ त्या अहवालावरून मांजराला दयामरण देण्याचा निर्णय कुणीही घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगते. त्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती त्या पिवळ्या पाण्यात असते. एफआयपीतील द्रव चिकट, गवती पिवळ्या रंगाचा असतो. त्यात प्रथिने भरपूर आणि पेशी तुलनेने कमी असतात. त्यातील अल्ब्युमिन व ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचे गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल तर शंका बळावते, ०.८ च्या वर असेल तर हा आजार असण्याची शक्यता फारच कमी होते. रिव्हाल्टा चाचणी कोणत्याही दवाखान्यात करता येते : ऊर्ध्वपातित पाण्यात तीव्र ॲसिटिक आम्लाचा एक थेंब मिसळून त्यावर या द्रवाचा थेंब सोडायचा, तो आकार टिकवून राहिला तर चाचणी पॉझिटिव्ह, विरघळून गेला तर एफआयपी बहुधा नाही. शक्य असल्यास याच द्रवाची पीसीआर तपासणी करून घ्यावी. जिवाणूंमुळे झालेला पोटाचा संसर्ग, लिम्फोमा हा कर्करोग आणि हृदयविकार यांतही पाणी साचते, म्हणून सोनोग्राफी टाळू नये. आपल्या भागात ती सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारणा करावी.

उपचाराचा पाया कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील नील्स पेडरसन यांच्या गटाने घातला. त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या ३१ मांजरांना जीएस-४४१५२४ हे विषाणूरोधक औषध दिले आणि त्यांतील २६ मांजरांनी किमान १२ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. त्याआधी ज्या आजारात आठवड्यांच्या हिशेबाने मृत्यू ठरलेला असे, त्यासाठी हा बदल विलक्षण होता. रेमडेसिवीरचे शरीरात याच द्रव्यात रूपांतर होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्या इंजेक्शनसाठी आपल्याकडे लोक रांगा लावून उभे होते, तेच आज मांजरांनाही दिले जाते. पर्याय म्हणून मोल्नुपिराविर हे दुसरे विषाणूरोधक औषधही वापरले जाते.

उपचार लागू पडत असेल तर बहुधा पहिल्या काही दिवसांतच ताप उतरतो, मांजर खाऊ लागते, आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत पाणी ओसरते. छातीत पाणी साचून श्वास अडत असेल तर ते ताबडतोब काढावेच लागते, पोटातले मात्र वारंवार काढू नये. ताप पाहून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कृपया देऊ नका. मांजरासाठी ती विष आहे.

प्रश्न : ओळखीच्या मांजरप्रेमींकडून जीएसच्या कुप्या मिळत आहेत. डॉक्टरांशिवाय घरी इंजेक्शन दिले तर चालेल का? चार आठवड्यांत मांजर ठणठणीत झाले तर औषध थांबवावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. अधिकृत औषध उपलब्ध नसताना जगभर अनेकांनी विनापरवाना कुप्यांवर मांजरे वाचवली, हे मी नाकारणार नाही. पण अशा औषधांच्या तपासणीत लेबलवर लिहिलेले प्रमाण आणि प्रत्यक्षातले प्रमाण यांत तफावत आढळली आहे, त्यामुळे आपण नेमके किती औषध देत आहोत हेच कळत नाही. शिवाय डोळे किंवा मेंदू बाधित असतील तर मात्रा वाढवावी लागते, आणि तो निर्णय तपासणीशिवाय घेता येत नाही. आपण घरी एक काम नेमाने करू शकता : दर आठवड्याला वजन करून डॉक्टरांना कळवणे. बऱ्या होणाऱ्या पिल्लाचे वजन भराभर वाढते आणि मात्रा जुन्याच वजनावर राहिली तर आजार उलटू शकतो.

प्रचलित उपचार ८४ दिवसांचा आहे. म्युनिकमधील संशोधकांनी २०२४ मध्ये ओल्या प्रकारच्या ४० मांजरांत तोंडावाटे दिलेल्या औषधाचा ४२ दिवसांचा उपचारही तितकाच परिणामकारक ठरल्याचे दाखवले, पण ते काटेकोर देखरेखीखाली. मुदत कमी करायची तर रक्ततपासणी व सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनीच करावी, मांजर खेळू लागले म्हणून आपण नव्हे. उपचार संपल्यावर आणखी १२ आठवडे लक्ष ठेवावे. मोल्नुपिराविर दिले जात असेल तर गर्भवती स्त्रीने त्या कॅप्सूल हाताळू नयेत.

प्रश्न : आमचे एक मांजर एफआयपीने गेले. दुसऱ्या मांजरीला तो होईल का? लस आहे का? नवे पिल्लू कधी आणावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या दुःखात मी सहभागी आहे. एकत्र राहिलेल्या मांजरीच्या आतड्यात साधा कोरोना विषाणू बहुधा पोहोचलेला असेल, पण त्याचे एफआयपीत रूपांतर होण्याचा धोका कमी असतो. तिला वेगळे ठेवून काही साधत नाही. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये थेट मांजराकडून मांजराला होणारा प्रकार पसरला होता, तो अपवाद होय. आपल्याकडे नेहमी दिल्या जाणाऱ्या तीन रोगांवरच्या लसीत एफआयपीचा समावेश नाही, तरीही ती लस इतर घातक रोगांसाठी जरूर द्यावी.

मांजराच्या शौचाची (लिटरची) पेटी रोज साफ करावी, खाण्याच्या भांड्यांपासून दूर ठेवावी, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी जास्त असावी. पेटी धुण्यासाठी पातळ केलेले ब्लीच वापरून ती नीट वाळवावी. फिनेल वापरू नये, कारण त्यातील घटक मांजरांना अपायकारक असतात. वाळलेल्या विष्ठेत हा विषाणू सात आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, म्हणून घरात एकही मांजर नसेल तर दोन महिने थांबणे पुरेसे ठरते. आपल्या घरी मात्र एक मांजरी आहे आणि ती विषाणू बाहेर टाकत असण्याची शक्यता आहे, त्यामुळे तूर्त लहान पिल्लू आणू नये. सोबत हवीच असेल तर पूर्ण वाढ झालेले, निरोगी मांजर निवडावे.